पहिल्या तपासणीचा दिवस कोण ठरवतं?

तालुक्याच्या आढावा बैठकीत एक प्रश्न ठरलेला असायचा : बारा आठवड्यांच्या आतली गरोदर मातांची नोंदणी कमी का? उत्तरही ठरलेलं : महिलांमध्ये जागृती नाही. मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची परिचारिका म्हणून नोकरीला लागले ती सातपुड्यात, धडगावच्या बाजूला. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार १९९८ साली वेगळा झाला. पुढे बदली घेऊन बीड जिल्ह्यात आले आणि बालाघाटच्या डोंगरातल्या उपकेंद्रांवर काम करत निवृत्त झाले. जागृतीचं ते उत्तर मला कधीच पटलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या दर शंभर बाळंतपणांपैकी जवळजवळ ८९ दवाखान्यात झालेली दिसतात. गरोदरपणात निदान चार तपासण्या झालेल्या बायका मात्र शंभरात ५८. म्हणजे दवाखान्याची वाट माहीत आहे. कळा सुरू झाल्या की घर हलतं, गाडी येते, शेजारपाजार गोळा होतो. काही दुखत-खुपत नसताना, नुसतं तपासून यायला म्हणून एक दिवस कुणी काढायचा आणि कसा, इथे सगळं अडतं. ते कशाकशाने अडतं हे दारोदार फिरून जे कळलं ते लिहिते आहे. क्रमाला फार अर्थ नाही, फक्त तिसरा मुद्दा सावकाश वाचा.

१. पहिले तीन महिने बाई सांगत नाही, आणि तिला कारण असतं.

‘नजर लागते म्हणून लपवतात’ असं आपण हसून म्हणतो. नजरेची भीती असतेच. पण मागच्या खेपेला दोन महिन्यांचं पडलं आणि गावभर बोभाटा झाला, ही आठवण त्याहून मोठी असते. नवी सून असेल तर ‘राहिलं’ म्हणून सांगायचं, मग टिकलं नाही तर बोल ऐकायचे, यापेक्षा गप्प बसणं तिला सोपं वाटतं. आशाताईकडे निश्चय किट असतं, पाळी चुकली की घरबसल्या कळतं. पण आशाताई गावातलीच, कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी नणंद. तिच्याकडे किट मागायचं म्हणजे नळावर बातमी पोचवायची. माझ्या भागात ज्या आशाताईंच्या पोटात गोष्ट राहायची, त्यांच्याकडे नोंदणी लवकर व्हायची. त्यांना प्रशिक्षण काही वेगळं नव्हतं. त्या दुसरीच्या घरात तिसरीचा विषय काढायच्या नाहीत, एवढंच.

२. सासूशी आधी बोलावं, आणि तिला शिकवायला जाऊ नये.

‘आमची सहा बाळंतपणं घरात झाली, कोण आलं होतं तपासायला?’ हे मी शेकडो ओसऱ्यांवर ऐकलं. त्यावर रक्तदाबाचं महत्त्व सांगत बसलं की सासू उठून कामाला लागते. मी खाली बसून तिचंच विचारायचे. पहिलं कुठे झालं, सुईण कोण होती, किती वेळ लागला. हळूहळू कळायचं, सहा झाली पण राहिली चार. एक सव्वा महिन्याचं गेलं, एक पोटातच. कुणी विचारत नाही म्हणून त्या दोघांचा हिशेब तिने कधी मोठ्याने मांडलेला नसतो. बोलता बोलता डोळे पुसायची आणि सुनेला म्हणायची, ‘जा गं, चप्पल घाल.’ व्याख्यानाने जे होत नाही ते तिच्या बाळंतपणाची चौकशी केल्याने होतं. नवऱ्याचं काम त्यामानाने साधं : मोटारसायकल त्याच्याकडे असते. तो आला तरी बाहेर लिंबाखाली उभा राहतो. त्याला आत बोलावून काटा दाखवला, वजन दीड महिन्यात अजिबात वाढलेलं नाही हे त्याच्याच तोंडून वाचून घेतलं, की पुढच्या खेपेला तो स्वतः तारीख विचारतो.

३. तपासणीचा दिवस म्हणजे खाडा.

बीडमधल्या गावांची वर्षं दसऱ्यापासून मोजावीत. दसरा-दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, सोलापूरकडे, कर्नाटकात. मागे म्हातारी माणसं आणि लहान मुलं राहतात. परतायला पाडवा होतो, कधी त्याच्याही पुढे. उचल, म्हणजे मजुरीवरची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते, घरच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी, मागची फेडण्यासाठी. ती उचल एका कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाईने एक दिवस काम सोडलं तर जोडी मोडते. टोळीचा मुकादम खाडा लावतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो. नवऱ्याने पूर्ण दिवस राबूनही तो अर्धाच धरला जातो.

आता यात गरोदर बाई घाला. पहाटे अंधारात कोपीतून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतून उठायचं, चूल पेटवायची, फडात जायचं. नवरा तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, आणि गाडी भरताना त्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. सातव्या-आठव्या महिन्यात चढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. फडाशेजारी पाणी प्यायला धड मिळत नाही आणि आडोसा नाही, म्हणून त्या पाणीच कमी पितात, मग लघवीची आग, ताप. तिला ‘दर महिन्याला तपासणीला जा’ असं सांगणारा फलक गावच्या ग्रामपंचायतीवर असतो. ती असते तीनशे किलोमीटर लांब.

तिची पहिली तपासणी आमच्याकडे झालेली असते, कार्डही मिळालेलं असतं. नाव आमच्या रजिस्टरला आणि पोट दुसऱ्याच्या हद्दीत. कारखान्याच्या बाजूच्या आशाताईच्या यादीत ती नसते, कारण त्या गावची नव्हे. आमच्या यादीत ती ‘स्थलांतरित’ शेऱ्याखाली जाते. चैत्रात परत येते तेव्हा नववा लागलेला असतो, हिमोग्लोबिन सहा-सात ग्रॅम. गरोदरपणात ते अकराच्या खाली गेलं तरी रक्तक्षय धरतात, सातच्या खाली तो तीव्र. अशा बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी ती हातची जाते. चार महिने आधी हेच दिसलं असतं तर गोळ्यांनी, निदान आयर्न सुक्रोजच्या इंजेक्शनांनी भागलं असतं.

यात चालणाऱ्या काही गोष्टी आम्हाला सापडल्या. नवरात्रात, गाड्या भरण्याआधी, वाडीवस्तीवर जाऊन सगळ्या गरोदर बायकांचं वजन, रक्त, रक्तदाब उरकून घ्यायचा. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यायचं, कारण कोपीत पावसा-दवाने कागद टिकत नाही. दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत द्यायच्या. आणि सगळ्यात उपयोगी, मुकादमाचा फोन नंबर लिहून ठेवायचा. बाईकडे फोन नसतो, नवऱ्याचा बंद असतो, मुकादमाचा कधीच बंद नसतो. मी फोन करून म्हणायचे, ‘अमुकीचा रक्तदाब जाताना वाढलेला होता. तुमच्या टोळीत काही झालं तर रात्री गाडी तुम्हालाच शोधावी लागेल.’ मग तो पाठवायचा. दयेने पाठवायचा असं मी म्हणणार नाही. तोडणीच्या भरात टोळी थांबलेली त्याला परवडत नाही, म्हणून पाठवायचा.

फडावरून ऊस उचलला की वरचं वाढं बायका गुराढोरांसाठी विकतात, त्या चार पैशांत आठवड्याचा बाजार होतो. रोख म्हणावी अशी तिच्या हातातली रक्कम तेवढीच. तपासणीच्या जीपचं भाडं, केसपेपर, बाहेरून आणायचं औषध, सगळं त्यातूनच. बाई तपासणीला का येत नाही असा प्रश्न पडला की मी आधी विचारते, तिच्या कनवटीला आज किती आहेत?

४. जिला सर्वांत जास्त गरज, तीच आपल्यापासून लपते.

पाचव्या पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण चाळिसाच्या वर आहे. कोयत्याला जोडी लागते, आणि वयात आलेली पोर मागे गावात एकटी ठेवायची नसते, ही दोन कारणं पुरेशी होतात. ती पोर सोळाव्या-सतराव्या वर्षी गरोदर राहते. पोक्सो कायदा २०१२ सालचा. त्याप्रमाणे अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर असल्याचं कळलं की डॉक्टरांनी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कायदा तिच्याच रक्षणाचा. घराला मात्र एवढंच दिसतं की सरकारी दवाखान्यात नेली तर नवरा आणि बाप दोघे आत जातील. मग ती पाचव्या महिन्यातही घराबाहेर काढली जात नाही, किंवा दुसऱ्या तालुक्यात खाजगीत वय एकोणीस सांगून नेली जाते. लहान वयात झटके येण्याचा, कमी वजनाचं मूल होण्याचा धोका जास्त, आणि तपासणी तिचीच होत नाही. लग्नाआधी कुणी हललं नाही, तर पोट दिसायला लागल्यावर कायद्याची भीती फक्त त्या मुलीला दवाखान्यापासून तोडते. हे कुणीतरी स्पष्ट लिहायला हवं, म्हणून लिहिते.

तिसरी-चौथी खेप असलेलीही अशीच लपते. दोन मुली आहेत, मुलाच्या आशेवर राहिलंय, सिस्टर बोलेल, हसतील. मातृवंदना योजनेचे पैसेही पहिल्या-दुसऱ्या खेपेपर्यंतच. वास्तविक चौथ्या खेपेला गर्भपिशवी सैल पडून रक्तस्रावाचा धोका वाढलेला असतो.

५. सोनोग्राफी झाली म्हणजे तपासणी झाली असं आता खेडोपाडी वाटतं.

खाजगीतून काढलेले फोटो फाइलमध्ये नीट लावलेले असतात. रक्तदाब कधी मोजलाय? नाही. लघवी तपासली? नाही. रक्त? ‘फोटोत बाळ चांगलं आहे म्हणाले.’ बाळाचं चित्र दिसतं, आईचा १५०/१०० चा रक्तदाब दिसत नाही, पायाची सूज उभं राहून राहून आली असं घरात ठरतं. सोनोग्राफी हवीच, पण रक्तदाबाचा पट्टा आणि वजनाचा काटा यांना आपण फार हलकं करून ठेवलं आहे.

६. बाळंतपणाला गाडी येते, महिन्याच्या तपासणीला पाय.

धडगावच्या डोंगरात पाडे विखुरलेले, एका टेकडीवर चार घरं. अडलेल्या बाईला झोळीत घालून, बांबूला बांधून खाली आणायचे. त्या झोळीला आता ‘बांबूलन्स’ असं नाव पडलं आहे, त्यात विनोद कमी आणि वैताग जास्त. सरदार सरोवराच्या फुगवट्यात पुढे नर्मदेवर तरंगते दवाखाने आले. १०२ आणि १०८ च्या गाड्या आल्या. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जाणं-येणं फुकट झालं. हे सगळं मोठं काम आहे. पण धडधाकट दिसणारी पाचव्या महिन्यातली बाई दोन डोंगर उतरून तपासायला येणार ती स्वतःच्या पायांनी. आम्ही तपासणीचा वार बदलून आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवला. मीठ-मिरची घ्यायला ती येणारच असते, पाड्यावरच्या चार जणी सोबत असतात, घरात निमित्त सांगावं लागत नाही. बाकी काही न करता, येणाऱ्या बायका वाढल्या. वरून आलेल्या वेळापत्रकात मात्र वार मंगळवार होता, त्यावरून मला खुलासा द्यावा लागला.

७. पडदा.

उपकेंद्रात पोट तपासायचं टेबल दारासमोर. दाराबाहेर पुरुष. पडद्याला कडी आहे, कापड नाही. लघवीचा नमुना आणायला छोटी बाटली हातात देतात आणि संडासाला कुलूप, नाहीतर पाणी नाही. एकदा अशी तपासणी झालेली बाई पुन्हा कशाला येईल? यावर जागृतीचं पोस्टर लावून उपयोग नाही, कापड घ्या. मी साडी फाडून पडदा केला होता, बाकीच्या सिस्टरही तेच करतात.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हा ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाले होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या वेळी लोकांना आकडा ९२ चा मोठा वाटला. मला त्या आठचं जास्त वाटतं. दुखत असूनही बाई दाखवत नाही, कारण दाखवण्यासारखी जागाच नसते.

८. बंद दार आणि खेकसणारं तोंड.

मजुरी बुडवून, जीपला पैसे देऊन आलेल्या बाईला कुलूप दिसलं, सिस्टर मीटिंगला, डॉक्टर शिबिराला, हिमोग्लोबिनच्या पट्ट्या संपलेल्या, की ती एकटी परत जात नाही. वस्तीवरच्या सगळ्यांचं येणं घेऊन जाते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी मिळते. २०१६ पासून हे सुरू आहे, आणि तारीख पक्की असल्यामुळेच ते चाललं. नव्याने काही सुरू न करता आहे ते ठरल्या दिवशी उघडं राहिलं तरी बायका येतात.

आणि तोंड. ‘आत्ता येतेस? सात महिने झोपली होतीस का?’ या वाक्याने मी आयुष्यात जितक्या बायका गळताना पाहिल्या तितक्या अंधश्रद्धेने पाहिल्या नाहीत. सातपुड्यात पावरी बोलणारी बाई मराठीतलं खेकसणं पुरतं समजायची, सल्ला समजायचा नाही. तिथे सोबत पाड्यावरची मुलगी किंवा सुईण असली की चित्र बदलायचं. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच, अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, त्यामागची अक्कल आजही जुनी झालेली नाही.

९. लाल गोळ्या फेकतात, कारण त्रास होतो.

मळमळतं, पोट बांधतं, शौचाला काळं होतं. आधी कुणी सांगितलं नसेल तर काळं बघून घाबरून गोळ्या बंद. त्याच पाचव्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, आणि शंभर दिवस गोळ्या घेतलेल्या आहेत ४४ टक्के. गोळीचं पाकीट देताना तीन वाक्यं पुरतात : रात्री जेवून घे, चहासोबत घेऊ नको, काळं होईल, घाबरू नको. मला गोळ्या धान्याच्या कणगीत सापडल्या, गादीखाली सापडल्या. एका आजीने तर आपल्या शेळीला घातल्या होत्या, शेळी अशक्त होती म्हणून. आणखी एक भीती आहे, गोळीने बाळ मोठं होतं आणि सिझर होतं. बोलणं वैद्यकीयदृष्ट्या चूक. पण सिझर झालं तर पुढचे कित्येक महिने मोळी उचलता येणार नाही, ही त्यामागची चिंता चूक नाही. त्या चिंतेला उत्तर दिल्याशिवाय गोळी पोटात जात नाही.

१०. पैशाने नाव येतं, जेवणाने बाई येते.

मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या बाळासाठी पाच हजार. आधी तीन हप्त्यांत, आता दोन. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. चांगली योजना. पण आधार माहेरच्या नावाचं, खातं बंद पडलेलं, अंगठा लागत नाही, यात बाळ रांगायला लागतं. पैशाच्या आशेने नोंदणी वाढते, तिसऱ्या-चौथ्या तपासणीला मात्र हा पैसा फारसा ओढत नाही. याउलट आदिवासी भागात अमृत आहार योजनेत २०१५ पासून गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. माझ्या तिकडच्या जुन्या सहकारी सांगतात, जेवायला बसलेल्या बायकांचा रक्तदाब तिथल्या तिथे मोजता येतो, कुणाला वेगळं बोलवावं लागत नाही.

११. पहिलं बाळंतपण माहेरी.

सातव्या महिन्यात ओटी भरली की ती जाते. सासरची सिस्टर समजते माहेरी तपासत असतील, माहेरची समजते सगळं आधीच झालंय. शेवटचे दोन महिने, ज्यात रक्तदाब वाढतो, बाळ आडवं आहे की पायाळू हे कळतं, ते असे दोन गावांच्या मध्ये पडतात. ओटीच्या सामानात कार्ड घाला, एवढं सांगायचे मी.

हे वाचणाऱ्यांत मुकादम, वीटभट्टीवाले कमी असतील, पण शेतात मजूर लावणारे, घरात कामाला बाई ठेवणारे, सरपंच-उपसरपंच नक्की असतील. तुमच्याकडे गरोदर बाई कामाला असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला तिला सुट्टी द्या, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका.